बास बोटीचं आउटबोर्ड इंजिन कसं सेट करतात? वेग, प्रोपेलर, ट्रिम आणि ताबा सोप्या मराठीत

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर ही रील कधीतरी तुमच्यासमोर आली असेल. शांत तळं, चकचकीत रंगाची बसकी बोट, मागे भलंमोठं इंजिन, आणि बोटीचा जेमतेम मागचा भाग पाण्याला टेकलेला. ही अमेरिकेतली बास बोट. ती बघून पहिला प्रश्न हमखास एकच पडतो: इंजिन किती एचपीचं आहे?

पण तीच बोट आणि तेच इंजिन असूनही एकाची बोट ताशी १०० किमीला अडकते आणि दुसऱ्याची १०५ ला जाते, तीही सरळ रेषेत. हा फरक बहुतेक वेळा सेटअपमधून येतो. इंजिन किती उंचीवर लावलंय, प्रोपेलर कोणता आहे, ट्रिम किती आहे आणि वजन कुठे ठेवलंय, या चार गोष्टी त्यात येतात. या लेखात आपण त्या एकेक करून समजून घेऊ. फोनचा जीपीएस वापरून त्या मोजायच्या कशा, तेही पाहू.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. वेग वाढवणारा जवळपास प्रत्येक बदल बोटीला पाण्यातून थोडा अजून वर उचलतो. बोट जितकी कमी पाण्यात, तितका चालकाचा ताबा कमी. त्यामुळे ताबा न तपासता नुसता वेग वाढवणं धोक्याचं आहे.

## बास बोट म्हणजे काय आणि ती इतकी वेगवान का?

बास हा अमेरिकेत गळाने पकडला जाणारा गोड्या पाण्यातला लोकप्रिय मासा. त्याच्या मोठ्या स्पर्धा होतात. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर लेकवर अशी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बी.ए.एस.एस. ही संघटना उभी केली. त्याच १९६८ मध्ये आर्कान्सामधल्याच फ्लिपिन गावात फॉरेस्ट वुड यांनी रेंजर बोट्स ही कंपनी सुरू केली.

स्पर्धेला वेळेची मर्यादा असते. मोठ्या तलावात माशांच्या जागेपर्यंत जायला अर्धा तास लागला, तर तेवढा मासेमारीचा वेळ गेला. म्हणून या बोटी वेगवान होत गेल्या. आज साधारण १८ ते २१ फुटांची बोट आणि १५० ते २५० एचपीचं आउटबोर्ड इंजिन ही नेहमीची जोडी आहे.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं इंजिन. या फळीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन, गिअर आणि प्रोपेलर सगळं एकाच युनिटमध्ये असतं. वेगळं सुकाणू नसतं. स्टीअरिंग फिरवलं की अख्खं इंजिन वळतं.

कमी वेगात बोट पाणी बाजूला सारत चालते. वेग वाढला की ती पाण्याच्या वर चढून घसरू लागते. याला 'प्लेनवर येणं' म्हणतात. बास बोटीच्या तळाशी, मागच्या बाजूला एक अरुंद सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट जवळपास या पॅडवरच धावते. पाण्याशी घर्षण कमी, म्हणून वेग जास्त.

## पायरी १: काहीही बदलण्याआधी मोजा

कोडमध्ये बग शोधताना आपण एका वेळी दहा ओळी बदलत नाही, कारण मग कशामुळे काय झालं तेच कळत नाही. इथेही तसंच. आधी सध्याची स्थिती लिहून काढायची, मग एका वेळी एकच बदल.

मोजायच्या गोष्टी:

- पूर्ण थ्रॉटलवरचा आरपीएम, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं
- जीपीएसवरचा वेग
- इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब
- थांबलेल्या बोटीला प्लेनवर यायला लागणारा वेळ
- टाकीतलं इंधन, माणसं आणि सामान

वेगासाठी डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर भरवसा ठेवू नका. पाण्याच्या दाबावर चालणारे स्पीडोमीटर बरेचदा चुकीचा आकडा दाखवतात. फोनवरचं कुठलंही साधं जीपीएस स्पीड ॲप जास्त विश्वासाचं. मात्र बहुतेक फोन जीपीएसचा आकडा सेकंदाला एकदाच अपडेट करतात. त्यामुळे एक क्षण दिसलेला सर्वात मोठा आकडा धरू नका. १०-१५ सेकंद स्थिर दिसणारा वेग लिहा. वारा आणि प्रवाह असतोच, म्हणून एकाच रेषेत जाऊन-येऊन दोन्हींची सरासरी काढा. फोन सोबतच्या माणसाकडे द्या. चालकाची नजर पाण्यावरच हवी.

नवीन इंजिनं एनएमईए २००० नावाच्या नेटवर्कवरून माहिती पाठवतात. हे नेटवर्क कारमधल्या कॅन बस तंत्रावर आधारलेलं आहे. योग्य मॉड्यूल बसवलं की आरपीएम, तापमान, इंधनाचा खप हे सगळं ब्लूटूथने फोनवर दिसतं.

मोजण्याआधी बोट नीट अवस्थेत आहे ना, हेही बघा. प्रोपेलरच्या पात्याला खाच पडली असेल, तर बाकी सगळे आकडे चुकतील. प्रोपेलर काढून त्याच्या मागे गळाची तार गुंडाळलीय का ते तपासा. ती तार सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं तर आधी दुरुस्ती, मग बाकीचं. प्रोपेलरला हात लावण्याआधी चावी काढायची आणि बॅटरी बंद करायची, हा नियम कधीच मोडू नका.

## पायरी २: पिच आणि स्लिप समजून घ्या

प्रोपेलरवर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. दोन्ही इंचात.

पिच म्हणजे काय? स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जितका आत जातो, तसं प्रोपेलर एका फेऱ्यात कागदोपत्री जितकं पुढे जाईल ते अंतर. २५ पिच म्हणजे एका फेऱ्यात २५ इंच. पण पाणी लाकडासारखं घट्ट नसतं. त्यामुळे प्रत्यक्षात बोट थोडी कमीच पुढे जाते. हा तोटा म्हणजे स्लिप.

सूत्र सोपं आहे:

कागदावरचा वेग (ताशी किमी) = आरपीएम ÷ गिअर रेशो × पिच ÷ ६५६

स्लिप (टक्के) = (कागदावरचा वेग − खरा वेग) ÷ कागदावरचा वेग × १००

वेग ताशी मैलात हवा असेल तर ६५६ च्या जागी १०५६ घ्या. गिअर रेशो इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतो. १.७५ रेशो म्हणजे इंजिनाचे १.७५ फेरे झाले की प्रोपेलरचा एक फेरा.

समजा आरपीएम ५४००, रेशो १.७५ आणि पिच २५. कागदावरचा वेग येतो ११७.६. जीपीएस १०० दाखवतोय. म्हणजे स्लिप १५ टक्के. नीट सेट केलेल्या बास बोटीत हा आकडा साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे या बोटीत सुधारायला जागा आहे. स्लिप शून्य मात्र कधीच होत नाही, कारण थोड्या स्लिपशिवाय पातं पाण्याला ढकलूच शकत नाही. तुमचं उत्तर शून्य किंवा उणे आलं, तर बहुतेक गिअर रेशो किंवा पिचचा आकडा चुकलाय.

## पायरी ३: योग्य प्रोपेलर निवडा

पिच म्हणजे बाइकचा गिअर समजा. जास्त पिच म्हणजे टॉप गिअर, कमी पिच म्हणजे खालचा गिअर.

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम किती ते किती असावा, हे दिलेलं असतं. उदाहरणार्थ ५००० ते ६०००. नेहमीचं वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलला तुमचा आकडा या पट्ट्याच्या वरच्या भागात यायला हवा.

- आरपीएम खालीच अडकत असेल, तर पिच जास्त झालाय. खंबाटकी घाट चौथ्या गिअरमध्ये चढण्यासारखं हे आहे. इंजिनावर ताण येतो आणि ते लवकर खराब होतं.
- आरपीएम पट्ट्याच्या वर जात असेल, तर पिच कमी पडतोय. इंजिनाचा लिमिटर मध्ये येतो आणि वेगही मिळत नाही.

साधारण अंदाज असा: एक इंच पिच बदलला की आरपीएम १५० ते २०० ने बदलतो. पिच वाढवला की आरपीएम कमी, पिच घटवला की आरपीएम जास्त.

धातूचाही फरक पडतो. ॲल्युमिनियमचं प्रोपेलर स्वस्त, पण जोर लागला की त्याची पाती किंचित वाकतात. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही आकार टिकवतात. म्हणून बास बोटीवर बहुतेक स्टीलच दिसतं.

पाती तीन की चार? तीन पात्यांना सहसा वरचा वेग थोडा जास्त मिळतो. चार पाती पाण्याला जास्त घट्ट धरतात. वळणावर, लाटांमध्ये आणि जड वजन असताना बोट जास्त आज्ञेत राहते. बोट डोलण्याची तक्रार असेल, तर दोन-तीन किमीचा वेग सोडून चार पाती घेणं शहाणपणाचं.

## पायरी ४: इंजिनाची उंची

पाण्याखाली इंजिनाचा जितका भाग, तितका अडथळा जास्त. म्हणून इंजिन थोडं वर उचललं की वेग वाढतो. त्यासाठी ट्रान्सम आणि इंजिन यांच्यामध्ये जॅक प्लेट बसवतात. ती इंजिनाला वर-खाली करते आणि बोटीपासून काही इंच मागेही नेते. मागे गेल्यावर प्रोपेलरला जास्त स्वच्छ पाणी मिळतं, म्हणून इंजिन अजून वर घेता येतं.

मोजमाप असं घेतात: इंजिन सरळ ठेवून, प्रोपेलरच्या दांड्याचा मध्य बोटीच्या पॅडच्या पातळीपासून किती खाली आहे ते बघायचं. सुरुवातीला ३ ते ३.५ इंच खाली ठेवून, एका वेळी पाव इंच वर घेत जायचं. प्रत्येक वेळी चाचणी आणि नोंद. थांबायचं कुठे, ते आकडेच सांगतात. समजण्यासाठी हे काल्पनिक उदाहरण बघा. पिच २५, रेशो १.७५:

- मूळ उंची: ५४०० आरपीएम, १०० किमी, स्लिप १५ टक्के
- अर्धा इंच वर: ५५५० आरपीएम, १०५ किमी, स्लिप १३.१ टक्के
- अजून अर्धा इंच वर: ५७०० आरपीएम, १०५ किमी, स्लिप १५.४ टक्के

तिसऱ्या ओळीत इंजिन जास्त ओरडतंय, पण वेग तेवढाच. म्हणजे प्रोपेलर पाण्याऐवजी हवा मारू लागलंय. परत अर्धा इंच खाली या.

याहून महत्त्वाचा आकडा पाण्याच्या दाबाचा. इंजिन थंड ठेवायला लागणारं पाणी खालच्या भागातल्या छिद्रांतून आत येतं. इंजिन फार वर गेलं की ही छिद्रं पाण्याबाहेर येऊ लागतात. दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली गेला तर वेग कितीही छान असो, उंची कमी करा. इंजिन तापून बसलं तर खर्च प्रोपेलरच्या कित्येक पट येतो.

## पायरी ५: ट्रिम

ट्रिम म्हणजे इंजिनाचा पुढे-मागे झुकाव. तो बटणाने बदलता येतो.

- आत घेतला की बोटीचं पुढचं टोक खाली दाबलं जातं. थांबलेल्या बोटीला प्लेनवर आणताना आणि लाटा कापताना हे हवं.
- बाहेर नेला की पुढचं टोक वर उचललं जातं, बोट पॅडवर येते आणि वेग वाढतो.

पद्धत अशी: सुरुवात पूर्ण आत ठेवून. बोट प्लेनवर आली की थोडंथोडं बाहेर. वेग वाढायचा थांबला किंवा बोट अस्थिर वाटली की किंचित आत घ्या.

ट्रिम जास्त बाहेर गेला तर पुढचं टोक घोड्यासारखं वर-खाली उड्या मारू लागतं. याला पॉर्पॉइजिंग म्हणतात. उपाय: ट्रिम थोडा आत, आणि मागचं जड सामान थोडं पुढे. प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीला लावायचे पंख बाजारात मिळतात. त्याने उड्या कमी होतात, पण पाण्यात घासून ते वेगही खातात. आधी वजन आणि ट्रिम नीट करा, पंख शेवटी.

## पायरी ६: वजन आणि तोल

बास बोटीत मासे जिवंत ठेवायची टाकी असते, कारण १९७२ पासून बी.ए.एस.एस.ने मासा परत पाण्यात सोडण्याची पद्धत रुजवली. या टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो वजन. दीडशे लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ११० किलो. त्यात तीन-चार बॅटऱ्या आणि सामान.

म्हणून चाचणी नेहमी ज्या वजनाने बोट चालवता त्याच वजनाने करा. रिकाम्या बोटीवर मिळालेला आकडा स्पर्धेच्या दिवशी कामाचा नाही. डावी-उजवीकडे वजन सारखं ठेवा. शिशाच्या बॅटऱ्यांऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या तर वजन निम्म्याहून कमी होऊ शकतं. पण इंजिन सुरू करणारी बॅटरी बदलण्याआधी इंजिन कंपनीची परवानगी आहे का, ते बघा.

## सर्वात धोकादायक प्रकार: चाइन वॉक

पूर्ण वेगात बोट अरुंद पॅडवर धावते, म्हणजे जवळजवळ सायकलसारखी तोल सांभाळत. अशा वेळी ती डावी-उजवीकडे डोलू लागते. चालक घाबरून स्टीअरिंग उलट फिरवतो, पण उशिरा. त्यामुळे पुढचा झोका मोठा होतो. मग तो अजून जोरात फिरवतो. दोन-तीन झोक्यांत बोट आडवी होऊ शकते आणि माणसं बाहेर फेकली जातात. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. त्यात बोटीला ब्रेक नसतो.

डोलणं सुरू झालं तर थ्रॉटल हळूहळू कमी करा. झटक्यात सोडला तर पुढचं टोक खाली आपटून बोट अचानक वळू शकते. स्टीअरिंग घट्ट आणि स्थिर धरा.

कायमचा उपाय करायचा असेल तर आधी स्टीअरिंगमधला ढिलेपणा तपासा. कोणीतरी स्टीअरिंग पकडून ठेवावं आणि दुसऱ्याने इंजिन मागून हलवून बघावं. थोडंही सैल वाटलं तर बोल्ट, जॅक प्लेट आणि हायड्रॉलिक तेलातली हवा तपासा. हे होईपर्यंत वेगाचा कुठलाही बदल करू नका.

आणि किल स्विच. चालकाच्या अंगाला जोडलेली ही दोरी सुटली की इंजिन बंद पडतं. चालक पाण्यात पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते, म्हणून हा स्विच. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार २६ फुटांखालच्या बोटीत हा स्विच बसवलेला असेल, तर बोट प्लेनवर असताना तो जोडून ठेवणं बंधनकारक आहे. सोबत लाइफ जॅकेटही हवंच.

## नेहमी पडणारे प्रश्न

कॅव्हिटेशन आणि व्हेंटिलेशन एकच का?
नाही. व्हेंटिलेशनमध्ये वरची हवा किंवा इंजिनाचा धूर प्रोपेलरमध्ये ओढला जातो. कॅव्हिटेशनमध्ये पात्याजवळ दाब इतका कमी होतो की थंड पाणीही उकळतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी म्हणून पाणी १०० अंशांच्या थोडं आधी उकळतं, तेच तत्त्व इथे टोकाला जातं. हे बुडबुडे फुटताना धातूवर खड्डे पाडतात.

मोठं इंजिन लावलं तर सोपं नाही का?
बोटीवरच्या कपॅसिटी प्लेटवर कमाल एचपी लिहिलेला असतो. त्यापेक्षा मोठं इंजिन म्हणजे मागे जास्त वजन आणि तळाला न झेपणारा वेग. विम्याचाही प्रश्न येतो.

उन्हाळ्यात तीच बोट हळू का चालते?
गरम, दमट हवेत प्राणवायू कमी असतो, म्हणून इंजिनाची ताकद घटते. उंचावरच्या तलावातही तेच होतं. नोंदीत तापमान लिहीत जा.

आपल्याकडे याचा काय उपयोग?
कोकणातल्या छोट्या फायबर होड्या आणि तारकर्लीच्या वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी यांनाही आउटबोर्ड इंजिनच असतं. तिथे वेगापेक्षा वजन ओढणं आणि इंधन वाचवणं महत्त्वाचं, म्हणून पिच कमी ठेवतात. पण स्लिपचं सूत्र तेच आहे आणि जीपीएस असलेला फोन खिशात आहेच.

## कामाचा क्रम थोडक्यात

१. प्रोपेलर, गिअर तेल, स्टीअरिंग आणि किल स्विच तपासा.
२. नेहमीच्या वजनाने आरपीएम, वेग आणि पाण्याचा दाब नोंदवा.
३. स्लिप काढा.
४. आरपीएम पुस्तिकेतल्या पट्ट्यात येईल असं प्रोपेलर घ्या.
५. इंजिन पाव-पाव इंच वर घ्या. दाब घसरला किंवा वेग वाढायचा थांबला की मागे या.
६. प्रत्येक बदलानंतर आधी कमी वेगात वळून बघा, मगच पूर्ण थ्रॉटल.